तारप्याला पाठ नाही

भाद्रपद वद्य पंचमी, शके १८३४

आजपासून लिहायला बसलो. बोटीवर भट्टीत कोळसा टाकत होतो तेव्हा इंजिनावरचा साहेब रोज काय झाले ते लिहून ठेवी, ते पाहिलेले. माझी शाळा तिसरीपर्यंत, तेव्हा जमेल तसे लिहीन. वय झाले आहे आणि विसरायला होते. परवा पानसुपारीची चंची कमरेला असून घरभर शोधली. बायकोने, गौराने, ते सगळ्या आळीला सांगितले.

जव्हारच्या दरबाराने मला काम दिले आहे. गिलीस नावाचा साहेब मुंबईहून आला आहे. तो आपल्या इकडच्या पोरांना फुटबॉल शिकवणार. तो स्कॉटलंडचा. बोटीवरचे इंजिनवाले त्याच मुलखातले, त्यामुळे त्यांची बोली मला कळते. म्हणून साहेब बोलेल ते पोरांना सांगायचे आणि पोरे बोलतील ते साहेबाला सांगायचे, हे माझे काम. ऐन पितृपंधरवड्यात कोणी नवे काम काढते का? कारभाऱ्यांना तसे म्हणालो. ते पुण्याचे, इंग्रजी शिकलेले. म्हणाले, साहेबाचे पितर विलायतेत आहेत, ते इथवर जेवायला येणार नाहीत.

हसलो, पण मनातून भीती गेली नाही.

भाद्रपद वद्य नवमी

कारभाऱ्यांनी आज साहेबाला माझ्यासमोर स्पष्ट सांगितले. माघी पौर्णिमेला नाशिककडून पलटणीचा संघ इथे खेळायला येणार. पलटणीला हरवले तर साहेब राहील आणि संघही राहील. हरलो तर साहेबाची रवानगी आणि मैदान पुन्हा घोड्यांना.

साहेब माझ्यासोबत परत आला. बंगल्याच्या पायरीवर बसून गुडघा चोळत राहिला. मग म्हणाला, ‘सखा, यानंतर मला बोलावणारे कोणी उरलेले नाही.’

मला वाटले मोठी माणसे असे बोलतात. पण त्याचा एक बूट काळा होता आणि एक तपकिरी. लक्षात आले तरी मी गप्प बसलो. विलायतेत तशी रीत असेल.

आश्विन शुद्ध तृतीया

मोखाड्याला जाऊन आलो. बैलगाडीने अंग मोडून निघाले. साहेबाने तिथे पोरांना पळायला लावले नाही की चेंडू दिला नाही. खोडाळ्याच्या वाटेला दगडावर बसला आणि कावडी घेऊन चढ चढणाऱ्यांचे पाय बघत राहिला. कोणाचे पाऊल कुठे पडते ते बघायचा. संध्याकाळपर्यंत पोश्या आणि माघ्या निवडले, आणि जिवा नावाचा एक उंच गडी. जिवा पंचविशीचा आहे, घरी बायको सोमी आणि तान्ही पोर. तो म्हणाला, ‘बाबा, चेंडूच्या मागं पळायचं न वरून जेवण देणार? मंग बैल का नाय पळवत?’ मी हे साहेबाला सांगितले. साहेब पोट धरून हसला. म्हणाला, त्याच्या बापाने अगदी हेच विचारले होते.

त्याचा बाप आणि तो स्वतः जमिनीखाली कोळसा खणत. मी म्हटले, साहेब, तुम्ही खणलेला कोळसा मी भट्टीत टाकला असेल. त्याला हे फार आवडले. रस्ताभर मला आपला जोडीदार म्हणत होता.

आश्विन वद्य अष्टमी

रोज सकाळी सराव. सगळी पोरे चेंडूभोवती गोळा होतात. साहेब शिट्टी फुंकून दमतो.

एक गोष्ट मला कळत नाही. मुंबईहून साहेबासोबत आलेल्या ट्रंकेत एक चित्र आहे. भर पावसात तो उंच उडून कपाळाने चेंडू मारतो आहे, मागे हजारो माणसे. डोक्याने गोल करण्यात त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता, असे कारभारीही सांगतात. आणि इथे कोणी डोके पुढे केले की तो अंगावर धावून जातो. चेंडू पायाचा आहे, म्हणतो. आपल्याला येणारी सर्वांत मोठी विद्या माणूस का देत नाही? मी धीर करून विचारले. तो म्हणाला, पावसात तो चामड्याचा चेंडू दगडासारखा व्हायचा. वुली नावाचा त्याचा जोडीदार होता, तोही डोक्याने खेळायचा. तो आता स्वतःच्या बायकोला ओळखत नाही.

मी म्हटले, दारू. बोटीवर असे पुष्कळ पाहिले.

साहेब म्हणाला, ‘वुलीने कधी दारूला हात लावला नाही.’ आणि उठून आत गेला. मी उगाच बोललो. दिवसभर मनाला लागून राहिले.

वाघबारस

आज वेशीवर वाघदेवाची पूजा झाली. मग पाड्यावर नाच. नवा भात घरात आला, आता तारपा वाजणार. साहेबाला मी घेऊन गेलो. फागू तारपकरी मधोमध उभा राहून भोपळ्याचा तारपा फुंकत होता आणि पोरे-पोरी कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरत होती. फागूने सूर बदलला की ओळ पसरे, पुन्हा बदलला की आवळे. कोणी काही बोलत नव्हते, तरी सगळे बरोबर.

साहेब एकदम उठला. त्याच्या मुलखातही पिशवी फुगवून वाजवणारे असतात आणि त्यांच्या मागे पलटणी चालतात, म्हणाला. माझा दंड धरून म्हणाला, ‘माझी शिट्टी यांना कळत नाही. याचा तारपा कळतो.’

उद्यापासून फागू मैदानावर. फागूने विचारले, साहेब वेडा झाला का? मी म्हटले, साहेब आहे तो, वेडा कसा होईल.

कार्तिक शुद्ध षष्ठी

चार दिवस मोठा घोटाळा चालला होता. साहेबाने फागूला आपल्याच गोलमागे उभे केले, म्हणजे पोरांना मागून सूर ऐकू येईल. फागूने तारपा तोंडाला लावला आणि एकही पोर पुढे जाईना. खेकड्यासारखी आडवी सरकत होती. पोश्या उलटा चालत पलीकडच्या गोलापर्यंत गेला आणि खांबावर आपटला. साहेबाने टोपी जमिनीवर फेकली, मला विचारले, यांना जिंकायचे आहे की नाही.

मी जिवाला विचारले. तो मलाच रागावला. ‘बाबा, तुमी इथले ना? तारप्याला पाठ कशी करायची? नाचात करतो का कोनी?’

खरेच की. मला लहानपणापासून ठाऊक आणि सुचले नाही. बोटीवर इतकी वर्षे घालवली त्याचे हे फळ. भीत भीत साहेबाला सांगितले. त्याने टोपी उचलून झटकली. मग स्वतः फागूचा हात धरून त्याला मैदान ओलांडून समोरच्या गोलमागे वडाच्या बाजूला नेऊन उभे केले. तारपा वाजला. पोरे तीरासारखी पुढे सुटली. मागे हटायची वेळ आली तरी तोंड समोर ठेवून हटत होती. साहेब म्हणाला, चेंडूला पाठ करू नका असे तो तिकडे वर्षानुवर्षे ओरडला, कोणी ऐकले नाही, आणि इथे आयतेच मिळाले.

तेव्हापासून साहेब स्वतःही तारपा चालू असला की फागूकडे पाठ करत नाही. बंगल्याकडे निघाला तरी उलटा चालतो. पोरे हसतात. मला काळजी, पडेल.

मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी

माझी गत काही ठीक नाही. सकाळी साहेबाने विचारले, सखा, मोखाड्याची पोरे जेवली का? जेवली, म्हटले. चहा पिऊन त्याने पुन्हा विचारले. मग मी सांगितले की नुसते मनात म्हटले? दुपारी पुन्हा. तेव्हा साहेब चिडला, मी सकाळपासून उत्तर देत नाही म्हणाला. मी माफी मागितली. घरी गौराला सांगितले. ती म्हणाली, ‘तुमी त्या साहेबाची सून झालात. सासू दहादा इचारील, सुनेनं दहादा सांगायचं.’

ती थट्टा करते. पण डोके माझेच जात असेल तर दरबार मला ठेवील का?

मार्गशीर्ष वद्य दशमी

साहेबाने आज स्वतःहून पुष्कळ सांगितले. खाणीतून खेळात कसा गेला, मोठा प्याला कसा जिंकला, लोकांनी खांद्यावर घेऊन गाव कसे फिरवले. मग गुडघा गेला. मग मॅनेजर झाला, म्हणजे खेळणारा नव्हे, खेळवणारा. तिकडे दोन ठिकाणी ठेवला आणि काढला. मुंबईत एका गिरणीच्या संघाला शिकवले, तिथेही टिकला नाही. का, ते सांगितले नाही. म्हणाला, लोक म्हणतात मी सांगितलेले बदलतो.

सगळे सांगून झाल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाला, खाणीत तू कोणत्या पाळीला होतास? मी म्हटले, साहेब, मी बोटीवर. तो हसला, म्हणून मीही हसलो.

जिवाला तो आता जॉनी म्हणतो. जिवा हे नाव काही अवघड नाही. पण जिवा वाद घालत नाही, हाकेला ओ देतो. मी विचारले तर म्हणाला, ‘त्याला बरं वाटतं ना, मंग राहू दे.’

पौष शुद्ध अष्टमी

आज धडकी भरली. साहेब दुपारी एकटाच फिरायला निघाला तो परतलाच नाही. शिरपामाळावर सापडला. पोश्याच्या बहिणीने, सकूने, गुरे आणताना पाहिले. गावाकडे तोंड करून उभा होता आणि गाव दिसत असून उतरत नव्हता. मी गेलो तेव्हा त्याने मला विचारले, खाणीचा भोंगा झाला का? मी झाला म्हटले. का म्हटले ठाऊक नाही. तोंडातून गेले. तो लगेच माझ्यासोबत चालू लागला.

वाटेत कारभारी घोड्यावर भेटले. मी म्हटले, साहेबांना माळ दाखवायला नेले होते. मला खोटे बोलायची सवय नाही.  साहेबाचे हे उन्हाने झाले असेल. साहेब लोकांना इकडचे ऊन सोसत नाही, थंडीतलेसुद्धा.

पौष वद्य त्रयोदशी

आता रोज थोडे थोडे खोटे बोलतो. साहेब चुकीचे नाव घेतो, मी पोरांना बरोबर नाव सांगतो. साहेब काल सांगितलेले आज उलटे सांगतो, मी कालचेच सांगतो. पोरे शहाणी आहेत, माझ्या तोंडाकडे बघतात आणि साहेबाला मान डोलावतात. मला कळते, साहेब आमची परीक्षा घेतो आहे. संघ त्याच्याशिवाय चालतो का ते त्याला पाहायचे असेल. पण परीक्षा असेल तर मी त्यात नापास, कारण मी त्याच्या तोंडचे शब्द बदलतो. हे उघडे पडले तर माझे काय होईल?

माघ शुद्ध एकादशी

पलटण आली. त्यांचे बूट बघूनच माघ्याचे पोट बिघडले. त्यांच्यासोबत त्यांचा बँड आहे, मोठाले ढोल. बरेच झाले, आता आमच्या तारप्याला ते नाही म्हणू शकत नाहीत.

साहेबाने आज दाढी स्वतः केली, अर्धीच. उरलेली मी केली. आरशात बघत हळूच म्हणाला, ‘सखा, त्या दिवशी माझ्या जवळ राहा. मी चुकलो तर सांभाळ.’

मी म्हटले, तुम्ही कसे चुकाल साहेब?

माघी पौर्णिमा

मॅच झाली. विसरायच्या आत लिहून ठेवतो.

सगळे जव्हार लोटले होते. कारभारी मांडवात अगदी आमच्या मागे बसलेले. पहिल्या अर्ध्यात फागू वडाच्या बाजूला, ठरल्याप्रमाणे. पलटणीची माणसे धिप्पाड, पण आमची पोरे पसरत होती, आवळत होती, मागे हटताना पाठ करत नव्हती. गोल कोणाचाच झाला नाही. साहेब शांत होता, मलाच दम लागला.

मग विश्रांती झाली आणि बाजू बदलल्या. आता आम्हाला तळ्याकडच्या गोलात मारायचे आणि वडाकडे आमचा गोल. फागू तारपा उचलून तळ्याकडे निघाला. साहेब ओरडला, त्याला थांबव. वाजवणारा होता तिथेच उभा राहील, वडाखाली, म्हणाला.

मी हळूच म्हटले, साहेब, बाजू बदलल्या. त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी आयुष्यात तसे डोळे पाहिले नाहीत. त्यात राग नव्हता. विहिरीत पडलेले माणूस वर बघते तसे होते. मग मात्र रागावून म्हणाला, मी मॅनेजर आहे, सांगतो ते सांग.

मागे कारभारी. इंग्रजीत पुन्हा बोलावे तर ते ऐकतील, साहेबाची शोभा होईल. साहेबाचे ऐकावे तर पोरे तारप्याकडे तोंड करून आपल्याच गोलापाशी उभी राहतील, मॅच जाईल आणि साहेबही जाईल. फागू माझ्याकडे बघत उभा. मी पाड्याच्या बोलीत सांगितले, ‘साहेब सांगतो, तलावाकडं जा.’

‘नक्की ना, बाबा?’

‘जा.’

फागू गेला. साहेबाने ते पाहिले आणि सगळ्यांदेखत माझ्यावर बरसला. मी दोन्ही कान धरले. मोठ्याने इंग्रजीत म्हटले, चूक माझी, मी उलट सांगितले, आता वेळ गेली, राहू द्या. मांडवातले लोक हसले. कोणीतरी म्हणाले, म्हातारा बदलायला हवा. गौरा बायकांत उभी होती. ती हसली नाही.

तारपा वाजला. पोरे सुटली. शेवटाला माघ्याने बाजूने चेंडू उंच टाकला आणि जिवा उडाला. अगदी त्या चित्रातल्यासारखा. कपाळाने मारला. गोल झाला.

त्यानंतर थोड्या वेळाने खेळ संपला. आम्ही जिंकलो.

लोक मैदानात धावले. साहेबही गुडघा ओढत धावला, पण त्याच्या तोंडावर हसू नव्हते. त्याने जिवाचे डोके दोन्ही हातांत धरले, कपाळावरून अंगठा फिरवला आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, ‘नको जॉनी. डोक्याने नको.’ लोकांना वाटले साहेबाने आशीर्वाद दिला. सोमीने लेकरू पुढे केले, त्याच्याही डोक्यावर साहेबाने हात ठेवावा म्हणून. साहेबाने ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही.

मग कारभारी हार घेऊन आले, इंग्रजीत अभिनंदन केले. साहेबाने हार घातला आणि नम्रपणे विचारले, खेळ कधी सुरू व्हायचा आहे?

मला वाटले, थट्टा केली. मी मोठ्याने हसलो. हसणारा मी एकटाच होतो.

फाल्गुन शुद्ध द्वितीया

साहेबाला विलायतेला पाठवणार. तिकडे त्याची बहीण आहे. जिंकलो तर ठेवू म्हणाले होते आणि आता पाठवतात. कारण एकच, माझे खोटे उघडे पडले. मी कारभाऱ्यांकडे गेलो आणि पायांवर डोके ठेवले. म्हटले, साहेबाला शिक्षा नको. त्या दिवशी उलटे सांगणारा मी. आधीही पुष्कळदा शब्द बदलले. मला काढा.

त्यांनी मला उठवले. पाणी मागवले. म्हणाले, ‘सखाबा, मी मागेच बसलो होतो. साहेब काय बोलले ते ऐकले, आणि तू फागूला काय सांगितलेस तेही पाड्याच्या माणसाकडून समजून घेतले. संघ राहील. तुझे कामही राहील. पण त्यांना आता आपल्या माणसाजवळ राहायला हवे.’

मी म्हटले, आम्ही आहोत ना. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी येऊन गौराला म्हटले, मला काही उमगत नाही. ती चुलीपाशी होती. म्हणाली, ‘उमगून काय करायचं? त्याच्या बहिनीला सांगायचं ते नीट सांगा.’

फाल्गुन शुद्ध पंचमी

बहिणीला काय सांगायचे ते कारभारी पत्रात लिहिणार आहेत, मी फक्त तोंडाने सांगितले. बूट जोडीने समोर ठेवावे लागतात. चहा झाला असला तरी पुन्हा मागतो, अर्धा पेला द्यावा. पोरे जेवली का विचारले तर जेवली म्हणावे. भोंगा झाला का विचारले तर झाला म्हणावे. त्यांनी एकेक लिहून घेतले. मी आणखी काही विसरलो असेन अशी धास्ती आहे.

साहेब सकाळी विचारतो, मॅच कधी? मी सांगतो, झाली साहेब, आपण जिंकलो. तो रोज नव्याने उठून माझा हात हातात घेतो.

फाल्गुन शुद्ध अष्टमी, डहाणू

साहेबाला मुंबईला नेणारा माणूस स्टेशनात भेटायचा होता, म्हणून तिथवर मी सोबत. काल निघालो तेव्हा सगळा संघ वेशीवर उभा. कोणी रडले नाही. पोश्या म्हणाला, ‘साहेब, मंग तिकडं कावडीवाले बघून ठेवा.’ मी ते सांगितले. या वेळी एक शब्द बदलला नाही. साहेबाने पोश्याचा खांदा थोपटला, पण त्याला ओळखले असे वाटले नाही. जिवालाही नाही. जॉनीसुद्धा म्हणाला नाही.

गाडीवानाने त्याला पुढे तोंड करून नीट बसवले, पाठीला गोधडी लावली. बैल निघाले. तेव्हा मागे फागूने तारपा फुंकला.

साहेबाने मान उचलली. मग कठडा धरून, मोडका गुडघा सावरत, चालत्या गाडीत उठला आणि वळला. मी पकडायला गेलो, त्याने मला बाजूला सारले. गावाकडे तोंड करून बसला, गोधडी मांडीवर घेतली.

मला उलटे बसले की पोटात ढवळते. बोटीवरही ढवळायचे. तरी मीही वळून बसलो. वेस गेली, वड गेला, पोरे लहान होत गेली, उताराला लागलो तसा तारपा ऐकू येईनासा झाला. मी म्हटले, साहेब, वाजायचे थांबले, आता पुढे तोंड करा, रस्ता खराब आहे.

त्याने बोट वर केले, गप्प राहा म्हणून. कान देऊन बसला होता.

डहाणूपर्यंत आम्ही तसेच आलो.